डहाणू-तलासरीत पाहण्यासारखं काय आहे आणि ते अजून टिकून का आहे?

शनिवारी सकाळी चर्चगेटहून किंवा विरारहून डहाणू लोकल पकडायची, दुपारपर्यंत बोर्डीच्या सुरूच्या बनात पोहोचायचं, किनाऱ्यावर फोटो काढायचे, एक किलो चिकू घ्यायचे आणि रात्री घरी. एप्रिल 2013 मध्ये उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावायला लागली आणि मुंबईकरांसाठी ही एका दिवसाची सहल झाली. आता सोशल मीडियावर 'मुंबईजवळचा शांत समुद्रकिनारा' असं शोधलं की डहाणू-बोर्डीच्या रील्सची रांगच लागते.

त्याच डहाणूचं नाव बातम्यांमध्ये मात्र वेगळ्याच कारणांसाठी येतं. वाढवण बंदर, बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग. देशातले काही सर्वांत मोठे प्रकल्प नेमके या दोन तालुक्यांमधून किंवा त्यांच्या किनाऱ्यालगत आकार घेत आहेत.

मग प्रश्न पडतो. मुंबईपासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर असूनही हा किनारा इतकी वर्षं 'शांत' कसा राहिला? तो तसा ठेवला कुणी? आणि पर्यटक जे पाहायला येतात, त्यातलं पुढे काय उरेल?

आधी भूगोल समजून घेऊ

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यातले उत्तरेकडचे तालुके. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला सह्याद्रीकडे चढत जाणारे डोंगर आणि उत्तरेला गुजरात. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. त्याआधी ही सगळी गावं ठाण्यात मोडत होती.

इथली सीमारेषा तशी अलीकडची. 1960 साली मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात असे दोन भाग झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली बरीच गावं गुजरातकडे गेली आणि तलासरीचा पट्टा महाराष्ट्रात राहिला. त्यामुळे इथल्या बाजारात मराठी, गुजराती आणि वारली बोली एकाच वेळी ऐकू येतात.

2011च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दर दहा माणसांमागे नऊ जण आदिवासी आहेत. डहाणूतही दोन तृतीयांशांहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. म्हणजे इथे पेसा कायदा लागू आहे आणि गावाच्या जमिनीबद्दल, साधनसंपत्तीबद्दल ग्रामसभेच्या मताला कायद्याने महत्त्व आहे. पुढच्या सगळ्या वादात हा मुद्दा परत परत येतो.

लेण्यातल्या लेखात डहाणूची नदी

डहाणू म्हणजे फक्त समुद्रकिनारा, असा अनेकांचा समज असतो. नाशिकच्या पांडवलेण्यांमध्ये मात्र सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने केलेल्या दानांची त्यात यादी आहे. काही नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट होड्यांची सोय केली, असं त्यात म्हटलंय. त्या नद्यांमध्ये दमण, तापी यांच्याबरोबर 'दहनुका' हे नाव येतं. अभ्यासक ही नदी म्हणजे डहाणूची खाडी असं मानतात. थोडक्यात, हा व्यापाराच्या आणि प्रवासाच्या वाटेवरचा जुना मुक्काम आहे.

पुढे दमणवर पोर्तुगिजांची सत्ता आली, तेव्हा हा किनाराही त्यांच्या ताब्यात गेला. डहाणूच्या खाडीजवळचा किल्ला त्या काळाची खूण. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईची मोहीम काढली, त्याच मोहिमेत 1739 मध्ये डहाणू मराठ्यांकडे आलं. नंतरच्या काळात या किल्ल्यात सरकारी कचेरी आणि तुरुंग होता. त्यामुळे वसई किंवा अर्नाळ्याचा किल्ला पाहून आलेल्या माणसाला डहाणूचा किल्ला बघताना थोडा हिरमोड होतो. भिंती आहेत, पण त्यांची गोष्ट सांगणारं तिथे फारसं काही नाही.

दुसरं महत्त्वाचं ठिकाण म्हणजे बोर्डीजवळच्या बारडच्या डोंगरावरची बहरोट लेणी. पारशी समाजाच्या दृष्टीने ही जागा फार मोलाची आहे. इराणमधून आलेले झरथोष्ट्री गुजरातमधल्या संजाणला उतरले आणि तिथे त्यांनी पवित्र अग्नी प्रज्वलित केला. संजाणवर हल्ला झाला तेव्हा धर्मगुरूंनी हा अग्नी बहरोटच्या गुहांमध्ये आणून बारा वर्षं जपला, अशी परंपरा सांगते. तिथून तो वासदा, नवसारी असा प्रवास करत 1742 मध्ये उदवाड्याला पोहोचला. आजही तो तिथे तेवत आहे. म्हणजे ज्या डोंगरावर लोक पावसाळी ट्रेकला जातात, ती एका समाजाची स्मरणभूमी आहे.

चिकू आला कुठून?

डहाणूची ओळख सांगणारं फळ मूळचं इथलं नाहीच. चिकूचं मूळ घर मेक्सिकोचा दक्षिण भाग, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर कार्टाहेना नावाचं ऐतिहासिक शहर आहे. तिथे हेच फळ 'निस्पेरो' या नावाने विकलं जातं. स्पॅनिश लोकांबरोबर ते फिलिपिन्सला गेलं आणि आशियात पसरलं.

घोलवड परिसरात चिकूची लागवड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. या बागा फुलवण्यात इराणी आणि पारशी बागायतदारांचा मोठा वाटा आहे. पण बागेतलं काम, म्हणजे झाडावर चढून फळ उतरवणं, निवडणं, भरणं हे प्रामुख्याने आदिवासी मजूर करत आले. किनाऱ्यालगतची माती, दमट हवा आणि पाणी या फळाला मानवलं. इथली 'कालीपत्ती' जात प्रसिद्ध झाली आणि 2016 मध्ये 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला.

जीआय टॅगचा अर्थ असा, की त्या मालाचा दर्जा त्या ठिकाणच्या माती-हवामानाशी जोडलेला आहे हे सरकारनेच मान्य केलं. साहजिकच माती-हवा बदलली की त्या टॅगला अर्थ उरत नाही. गेल्या दशकात बोर्डीला चिकू फेस्टिव्हल सुरू झाला. चिकूच्या चिप्स, लोणचं, हलवा यांना गिऱ्हाईक मिळालं. बागेत राहण्याची सोय करून देणारी घरंही वाढली. 2020 मध्ये राज्याने कृषी पर्यटन धोरण आणलं, त्याला हा पट्टा अगदी साजेसा आहे.

भिंतीवरचं चित्र जगभर कसं गेलं?

मोबाइलच्या कव्हरपासून विमानतळाच्या भिंतीपर्यंत वारली चित्रं सगळीकडे दिसतात. त्यांचं माहेर हेच. लग्नाच्या वेळी घराच्या आतल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते आणि धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. हा विधी होता, सजावट नव्हती. आणि तो बायकांच्या हातात होता.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने ही कला कागदावर आणायला प्रोत्साहन दिलं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणि कापडावर नेली. शेत, मासेमारी, तारप्याचा नाच, मुंग्यांची वारुळं असं सगळं त्यांच्या चित्रांत आलं आणि ती चित्रं परदेशातल्या कलादालनांत लागली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 15 मे 2018 रोजी त्यांचं निधन झालं. वारली चित्रकलेलाही जीआय टॅग आहे.

तरीही बाजारातल्या बहुतेक 'वारली' वस्तूंचा पैसा या तालुक्यांपर्यंत पोहोचत नाही. नक्षीची नक्कल करणं सोपं आहे. छापखाना ती हजार कपांवर छापू शकतो. गंजाड परिसरात आजही चित्रकारांची घरं आहेत आणि थेट त्यांच्याकडून चित्र घेता येतं. पण डहाणूला येणाऱ्या बहुतेक सहली किनाऱ्यावरूनच परत जातात, रेल्वेच्या पूर्वेला वळत नाहीत.

यात्रा, टेकडी आणि हुतात्मे

पूर्वेला वळल्यावर काय दिसतं? मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ विवळवेढे इथे महालक्ष्मीचं मंदिर आहे. चैत्र पौर्णिमेला इथे यात्रा सुरू होते आणि ती पंधरा दिवस चालते. मध्यरात्री अवघड चढणीच्या गडावर ध्वज लावला जातो. हा मान वाघाडीच्या आदिवासी पुजाऱ्याचा. महाराष्ट्र, गुजरात, दादरा-नगर हवेली अशा सगळीकडून भाविक येतात. आदिवासी कुटुंबांसाठी ही यात्रा म्हणजे देवदर्शन तर आहेच, शिवाय वर्षाची खरेदी आणि नातेवाइकांच्या भेटीगाठीही इथेच होतात.

डहाणूजवळच कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडला हलवलं. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावर न्यायची, या विचारातून अंगणवाडी आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. आज देशभर घराघरात ठाऊक असलेल्या 'अंगणवाडी'चं एक मूळ या टेकडीवर आहे. पण पर्यटनस्थळांच्या यादीत तिचं नाव क्वचितच सापडतं.

तलासरीचं तर या याद्यांमध्ये नावच नसतं. झाईचा किनारा आणि कुर्झे धरण सोडलं तर तिथे 'काही नाही', असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या इतिहासातला एक मोठा लढा इथे झाला. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. त्याला इथले काही वारली गेले होते. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो आदिवासींची सभा झाली आणि वेठबिगार बंद करण्याचा निर्धार झाला. त्या काळी लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले, की नवरा-बायको दोघंही त्याचे जन्मभराचे गुलाम होत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली ही प्रथा मोडली.

10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा इथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी मारले गेले. दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ तलासरीत हजारो लोक जमतात. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला 1972चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आज तलासरीतलं महाविद्यालय त्यांच्याच नावाचं आहे.

हा इतिहास आजच्या वादांशीही जोडलेला आहे. जमीन कुणाची आणि तिचं काय करायचं हे कोण ठरवणार, हा प्रश्न या भागात 1945 पासून विचारला जातोय.

हे सगळं टिकलं कसं?

उत्तराचा मोठा भाग एका सरकारी अधिसूचनेत आहे.

1980च्या दशकाच्या अखेरीस डहाणूला 500 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आलं. त्याला स्थानिक बागायतदारांनी आणि पर्यावरणवाद्यांनी विरोध केला. वीज केंद्र झालंच. पण 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका 'पर्यावरणदृष्ट्या अतिसंवेदनशील' जाहीर केला. उद्योगांची हिरव्या, नारिंगी आणि लाल अशा गटांत विभागणी झाली. जास्त प्रदूषण करणाऱ्या लाल गटाला बंदी आली. तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त 500 एकर जागा ठरली. शिवाय तालुक्याभोवती 25 किलोमीटरचा राखीव पट्टा सांगितला गेला.

अधिसूचना कागदावर राहू नये म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 31 ऑक्टोबर 1996च्या आदेशानंतर डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते आणि दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी ते काम पाहिलं. या प्राधिकरणाच्या पाठपुराव्यामुळे वीज केंद्राला धुरातलं गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवावी लागली.

शेजारच्या बोईसर-तारापूरमध्ये राज्यातली मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. दुसऱ्या बाजूला वापी-उंबरगाव कारखान्यांनी भरलं. मधला डहाणूचा पट्टा हिरवा राहिला. पर्यटकाला जी 'निसर्गाची देणगी' वाटते, ती बऱ्याच अंशी लोकांनी भांडून मिळवलेल्या कायद्याची देणगी आहे.

याची दुसरी बाजूही इथले लोक बोलून दाखवतात. बंधनांमुळे रोजगार आला नाही आणि तरुणांना बोईसर, वापी किंवा मुंबई गाठावी लागली. भाताचा हंगाम संपला की अनेक आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कामाला बाहेर पडतात. शांत किनारा हवा असं शहरातून म्हणणं सोपं आहे, पण त्या शांततेची किंमत कोण मोजतं हेही पाहायला हवं.

बंदर हा उद्योग आहे की नाही?

वाढवण हे डहाणू तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव. इथे बंदर बांधायचा पहिला प्रस्ताव 1990च्या दशकातला. 1998 मध्ये धर्माधिकारी प्राधिकरणाने तो नाकारला. बंदर हा उद्योग आहे आणि 1991च्या अधिसूचनेत तो बसत नाही, असं त्याचं सार होतं.

मग आता परवानगी कशी मिळाली? यातला कळीचा बदल 2020 मधला. त्या वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना लाल गटातून काढून 'बिगर-औद्योगिक' कामांमध्ये टाकलं. बंदर हा उद्योगच नसेल, तर उद्योगांवरची बंदी त्याला लागू होत नाही, असा युक्तिवाद त्यामुळे शक्य झाला. 31 जुलै 2023 रोजी प्राधिकरणाने अटींसह ना हरकत दिली. फेब्रुवारी 2024 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. मच्छीमार संघटनांनी उच्च न्यायालयात दिलेलं आव्हान फेटाळलं गेलं, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेण्यात आलं.

19 जून 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघरमध्ये पायाभरणी झाली. कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा 74 टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा 26 टक्के आहे.

आराखड्याप्रमाणे समुद्रात 1,448 हेक्टरचा भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध आणि प्रत्येकी एक किलोमीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स होणार आहेत. सरकारचं म्हणणं असं, की इथे किनाऱ्याजवळच सुमारे वीस मीटरची नैसर्गिक खोली मिळते, त्यामुळे जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजं भारतात लागू शकतील. आज असा बराच माल कोलंबो किंवा सिंगापूरमार्गे येतो-जातो. बारा लाख रोजगार निर्माण होतील, बंदर समुद्रात असल्याने गावठाणं उठणार नाहीत आणि मच्छीमारांना भरपाई मिळेल, असंही सांगितलं जातं.

मग विरोध कशाला?

विरोध करणाऱ्यांचं उत्तर असं: गाव उठलं नाही, तरी गावाचं पोट समुद्रात आहे. डहाणूचा किनारा हा उत्तर कोकणातल्या मासेमारीचा 'गोल्डन बेल्ट' मानला जातो. पापलेट, घोळ, बोंबील, शेवंड यांची पैदास या उथळ, खडकाळ आणि गाळाच्या पाण्यात होते. पापलेट तर 2023 पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. वाढवण, वरोर, चिंचणी, धाकटी डहाणू, झाई अशी कोळी आणि मांगेला वस्तीची गावं यावर जगतात. भराव आणि बांधामुळे प्रवाह बदलले, तर मासेमारीचं क्षेत्र तर जाईलच, शिवाय किनाऱ्याची धूपही होऊ शकते, अशी त्यांची भीती आहे.

भरपाईचा प्रश्नही दिसतो तितका सोपा नाही. ज्याच्या नावावर बोट आहे त्याचं नुकसान मोजता येतं. पण मासळी सुकवणाऱ्या, टोपलीत घेऊन बाजारात विकणाऱ्या बाईचं नाव कुठल्या कागदावर असतं? खडकांवर कालवं, शिंपल्या वेचणाऱ्या आदिवासी बाईकडे कुठला परवाना असतो? वाढवण-वरोर-चिंचणी भागात सोन्याच्या दागिन्यांचे साचे बनवणारा डायमेकिंगचा घरगुती व्यवसायही आहे. किनारपट्टीच्या या गावांना जमिनीवरचे रस्ते, रेल्वे आणि गोदामं यांच्यासाठी होणाऱ्या भूसंपादनाचीही धास्ती आहे. बंदराला महामार्गाशी जोडणारा रस्ताच सुमारे 32 किलोमीटरचा असणार आहे.

त्यात बुलेट ट्रेन, द्रुतगती मार्ग आणि मालगाड्यांचा मार्ग या तिन्हींसाठी डहाणू-तलासरीतली जमीन गेली आहे. गंमत म्हणजे बुलेट ट्रेनचं या जिल्ह्याच्या उत्तर भागासाठीचं स्थानक बोईसरला. तलासरीकर तिला फक्त जाताना बघणार.

बंदर आणि पर्यटन एकत्र नांदू शकतात का?

'बंदर आलं की पर्यटनही वाढेल' असा युक्तिवाद अनेकदा होतो. तो अगदीच चुकीचा नाही. कार्टाहेनाचंच बघा. स्पॅनिश काळातली तटबंदी, किल्ले आणि बंदर यांना 1984 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्याच शहरात आज कोलंबियाचं मोठं कंटेनर बंदर आहे आणि क्रूझ जहाजंही लागतात. दोन्ही एका उपसागरात चालतात.

पण तिथला अनुभव आणखीही काही शिकवतो. क्रूझचा प्रवासी काही तास उतरतो, तटबंदीवर फोटो काढतो आणि जहाजावर परततो. जुन्या शहराला लागून असलेल्या गेत्सेमानी या कष्टकऱ्यांच्या वस्तीत हॉटेलं आणि कॅफे वाढले, भाडी चढली आणि जुने रहिवासी बाहेर पडू लागले. इमारती जपल्या गेल्या, रंगवल्या गेल्या. पण त्यात राहणारी माणसं बदलली.

डहाणूची अडचण याहून मोठी आहे. कार्टाहेनाचं आकर्षण दगडी आहे. माणसं गेली तरी तटबंदी उभी राहते. डहाणू-तलासरीत दगडी वारसा थोडाच. इथली खरी आकर्षणं, म्हणजे चिकूची बाग, वारलीचा चौक, बांबूच्या मांडवावर वाळणारे बोंबील, महालक्ष्मीची यात्रा ही सगळी कुणाच्या तरी रोजच्या कामावर उभी आहेत. ते काम थांबलं, की पाहण्यासारखं काही उरत नाही. मांगेला बाई मासळी सुकवायची थांबली, तर त्या किनाऱ्यावर फक्त वाळू राहील. आणि वाळू तर कुठेही मिळते.

पर्यटन वाढलं तर फायदा कुणाचा?

बंदर नको, पर्यटन हवं, असं म्हणून प्रश्न सुटत नाही. कारण पर्यटनही जमीन आणि पाणी मागतं. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींना विकण्यावर महसूल कायद्याचे कडक निर्बंध आहेत. ते नसते तर आज इथल्या कित्येक पाड्यांवर रिसॉर्टच्या कमानी दिसल्या असत्या. तरीही बहुतेक हॉटेलं आणि बंगले स्थानिक आदिवासींच्या मालकीचे नाहीत. तिथे ते माळी, स्वयंपाकी, सफाई कामगार म्हणून दिसतात.

यातून वाट काढायची तर काही साध्या गोष्टी पाहाव्या लागतील. ग्रामसभेला कुठल्या प्रकल्पाची माहिती आधी मिळते आणि कुठल्याची नंतर? चित्र घेताना पैसे चित्रकाराला जातात की दुकानदाराला? तलवाड्याचा, कोसबाडचा, बहरोटचा इतिहास सांगणारे वाटाडे त्याच गावचे असतील का? भरपाईच्या यादीत मासळी विकणाऱ्या बाईचं नाव येईल का? या प्रश्नांची उत्तरं बंदर झालं तरी लागतील आणि नाही झालं तरी लागतील.

पर्यटकाने काय करावं?

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. डहाणू रोड किंवा घोलवड स्थानकावर उतरता येतं. ओहोटीला समुद्र खूप आत जातो, भरती मात्र झपाट्याने येते, त्यामुळे पाण्यात उतरण्याआधी गावातल्या कुणाला तरी वेळ विचारावी. डहाणूत वन विभाग आणि स्थानिक संस्थेच्या मदतीने जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र चालतं. किनाऱ्यावर टाकलेली प्लास्टिकची पिशवी शेवटी कुणाच्या पोटात जाते, हे तिथे कळतं.

एक दिवस किनाऱ्यासाठी ठेवला, तर दुसरा पूर्वेसाठी ठेवावा. गंजाड, कोसबाड, विवळवेढे, तलासरी. तिथे सेल्फी पॉइंटचे फलक नाहीत. पण वाढवणचं बंदर, बुलेट ट्रेनचे खांब आणि द्रुतगती मार्ग यांच्याबद्दल बातम्यांमध्ये जे वाचायला मिळतं, ते ज्यांच्या अंगणात घडतंय ती माणसं तिथे भेटतात.

बंदराचा पहिला टप्पा 2030च्या आसपास पूर्ण करण्याचं उद्दिष्ट आहे. 1991 मध्ये डहाणूच्या बाबतीत जे ठरलं, त्याचा परिणाम दिसायला तीस वर्षं लागली आणि तोच आज रील्समध्ये हिरवागार दिसतो. आता जे ठरतंय त्याचाही परिणाम दिसायला वेळ लागेल. तो कसा असेल हे भरावाच्या हेक्टरांवर अवलंबून आहे, आणि त्याहून जास्त वाढवणच्या मच्छीमाराला, घोलवडच्या बागेतल्या मजुराला आणि गंजाडच्या चित्रकाराला या निर्णयात कितपत जागा मिळते यावर.